बारा जबडे

सून दुकानदाराकडून भट्टीच्या कोटेशनवर शिक्का मारून घेऊन परत आली, तेव्हा सासूबाई मागच्या दारी बसून शेवटचा जबडा घासत होत्या. बाकीचे अकरा धुऊन झाले होते. टॉवेलवर ओळीने मांडून ते उन्हात वाळत घातले होते. असली वस्तू वाळत घातलेली शेजारच्या मांजराने आजवर पाहिली नसावी, कारण ते भिंतीवरून हलायला तयार नव्हतं.

"आई, हे काय करताय?"

"दिसत नाही का? अकराला साहेब यायचेत ना बँकेचे? ह्या दातांवर हा एवढा राप होता. बोट लावलं की बोट पांढरं."

"अहो, ते साचे प्लास्टरचेच आहेत. घासाल तेवढं पांढरंच निघणार."

"तरी म्हटलं, पाणी नितळ का होईना मेलं!" सासूबाईंनी बारावा जबडा झटकून टॉवेलवर ठेवला. "पण घाबरू नकोस. दातच ते, म्हणून दातांच्याच ब्रशने घासलेत. हलक्या हाताने."

सुनेने एक जबडा उचलून उलटा केला. तळाशी तिने पेन्सिलीने घातलेला नंबर असायचा. तळ कोरा होता. तिने दुसरा उचलला, मग तिसरा. बाराही जबडे सारखेच कोरे करकरीत झाले होते आणि त्यातला कोणता कोणाचा हे सांगायला एक रेघ उरली नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आणि चिठ्ठ्या? प्रत्येकाला रबराने एक चिठ्ठी बांधलेली होती."

"भिजतील म्हणून काढल्या की! सगळ्या एकावर एक रचून पेल्याखाली ठेवल्यात. मला काय तेवढी अक्कल नाही?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. पहाटेपासून राबून मनासारखं काम झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज असतं ते सासूबाईंच्या चेहऱ्यावर होतं. तसल्या चेहऱ्यावर ओरडायचं तर काळीज दगडाचं लागतं, आणि तिचं तसं नव्हतं. शिवाय ओरडायला वेळही नव्हता. साडेदहा होऊन गेले होते.

ती पुढच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. चार महिन्यांपूर्वी ही बसायची खोली होती. मग तिथे दात तयार व्हायला लागले आणि बसायची सोय संपली. मेणाचे ठिपके, प्लास्टरची भुकटी, कापायच्या मशीनची घरघर, सगळीकडे पसरलेली पातेली आणि ब्रश असा तो संसार होता. आता तिथे पुन्हा बसायची खोली होती. डागाळलेल्या टेबलावर फुलांची चादर, चादरीवर फुलदाणी, भिंतीला लावून चार खुर्च्या. फरशी इतकी पुसलेली की चालायला भीती वाटावी. दाराबाहेर खिळा होता, पण त्यावरचा लॅबचा बोर्ड नव्हता.

"बोर्ड कुठे गेला?"

"धुतलाय. वाळतोय मागे."

एक क्षण सुनेच्या मनात वाकडं आलं. पहिल्यापासून सासूबाईंना हा उद्योग पसंत नव्हता. लोक म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही, आणि ही बया दात करून पोट भरायला निघालीय, असं त्या गल्लीत सगळ्यांना हसून सांगायच्या. पण हसण्याच्या आत थोडी नाराजी असायचीच. घर सासूबाईंच्या नावावर होतं. जामीनदार म्हणून सही त्यांचीच लागणार होती. 'करीन गं' म्हणाल्या होत्या, पण कधी करीन ते म्हणाल्या नव्हत्या. आज त्यांनी मुद्दाम तर असं केलं नसेल? मग तिला स्वतःचीच लाज वाटली. सासूबाईंना झाडण्याचं वेड होतं हे काही आजचं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, दिवसातून चार वेळा ह्या घराचा केर निघत होता, आणि कोणी यायचं म्हटलं की सासूबाईंच्या अंगातच यायचं.

पण आजचा पाहुणा वेगळा होता. सोळा वर्षं ती एका मालकाच्या लॅबमध्ये दात तयार करत होती. चार महिन्यांपूर्वी ते सोडून तिने घरीच काम सुरू केलं. दोन डॉक्टर तिला काम देत. साचा काढणं, मेणाचा दात घडवणं, धातूची टोपी बसवणं, वर दाताच्या रंगाच्या भुकटीचे थर चढवणं, हे सगळं घरी व्हायचं. एकच गोष्ट व्हायची नाही. ते थर भाजायला खास भट्टी लागते, आणि तिची किंमत तिच्या नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराहून जास्त होती. नवरा मालाची गाडी चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणून ती तयार दात डब्यात घालून बसने जुन्या मालकाकडे जायची, त्यांची भट्टी रिकामी होईपर्यंत बाकावर बसायची आणि भाजून घेऊन यायची. मागच्या आठवड्यात मालक म्हणाले, "एक तारखेपासून नाही जमायचं." ते रागाने म्हणाले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. आता एक तारखेच्या आत भट्टी आली नाही, तर दोन्ही डॉक्टरांना नाही म्हणून सांगायचं आणि जुन्या खुर्चीवर परत जाऊन बसायचं. बँक तीन हिस्से द्यायला तयार होती, चौथा तिने साठवलेला होता. कागद झाले होते. राहिली होती ती फक्त साहेबांची भेट, म्हणजे धंदा खरोखर चालतो का हे डोळ्यांनी पाहणं.

आणि साहेब पावणेअकरालाच आले.

पन्नाशीचे, बारीक अंगाचे, खांद्याला कापडी पिशवी. बूट काढताना त्यांनी फरशीकडे पाहिलं आणि मोजेही काढावेत का असा विचार त्यांच्या तोंडावर दिसला.

"काम कुठे चालतं?"

"इथेच," सून म्हणाली.

साहेबांनी फुलदाणी पाहिली. चार खुर्च्या पाहिल्या. "इथे?"

"एक कण धूळ दाखवा, साहेब," सासूबाई दारातून म्हणाल्या. "दाखवाच."

"तेच तर दिसत नाहीये, आजी." साहेबांनी खुर्चीवर बसून पिशवीतून छापील कागद काढला. "कापायचं मशीन?"

"खणात ठेवलंय."

"प्लास्टर?"

"पलंगाखाली," सासूबाई म्हणाल्या. "पोतं पुसून ठेवलंय."

"बोर्ड?"

"धुतलाय. वाळतोय."

साहेबांनी वर पाहिलं. मग ते उठले, घरातून चालत मागच्या दारी गेले, उन्हात टेकवून ठेवलेला बोर्ड वाचला, वाळत घातलेले बारा जबडेही पाहिले आणि परत येऊन बसले. बोर्डापुढे एक खूण केली. ह्या माणसाला थाप मारायची कोणाची छाती होणार नाही, आणि खरं सांगितलं तरी तो जाऊन बघून येणार.

"हा प्रश्न महत्त्वाचा आहे," साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. "धंदा प्रत्यक्ष चालू असल्याचं आढळलं का. होय किंवा नाही."

"चालू आहे हो. बिलं दाखवते ना चार महिन्यांची."

"बिलं छापता येतात. तुम्ही तसलं कराल असं नाही म्हणत मी. पण मागच्याच महिन्यात एकाने बेकरी काढतो म्हणून ओव्हनला कर्ज घेतलं. बघायला गेलो तर ओव्हन नाही, बेकरी नाही, आतमध्ये त्याचे मेव्हणे झोपलेले."

"मग आता?"

"आता मला एक बसायची खोली दिसतेय. अतिशय स्वच्छ."

खोली स्वच्छ आहे हे सासूबाईंना कळलं, आणि त्यात काहीतरी बिनसलंय हेही हळूहळू कळायला लागलं. त्या दोन पावलं पुढे आल्या.

"अहो, लिहून टाका ना होय म्हणून. दोन अक्षरं तर आहेत. रोज घरघर चालते, माझे कान किटलेत. मी सांगते ना!"

"ऐकलेलं लिहायला इथे जागाच नाही, आजी. पाहिलेलंच लिहितो मी. वीस वर्षं झाली."

हे ते चिडून म्हणाले नाहीत. उंची किंवा वजन सांगावं तसं सांगितलं. सासूबाई मागे सरकल्या आणि हातातलं फडकं नुसतंच दुमडत राहिल्या.

सुनेने टेबलाकडे पाहिलं. मग फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली आणि चादर ओढून काढली.

"साहेब, किती वेळ आहे तुम्हाला?"

"बारापर्यंत."

"मग बसा. मी कामाला लागते. आज बारा दातांचं काम व्हायचंय, ते तसंही करायचंच आहे."

तिने टॉवेलसकट जबडे आत आणले आणि टेबलावर मांडले. पेल्याखालच्या चिठ्ठ्या काढल्या. सासूबाई काही बोलणार होत्या, पण सुनेने त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "आई, तुम्ही बसा जरा," आणि त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या.

ज्या दातावर टोपी बसवायची, तो दात डॉक्टर आधी सगळ्या बाजूंनी घासून बारीक करतात. साच्यात तो खुंटासारखा उभा दिसतो. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं कोणत्या डॉक्टरांचं काम, कोणाचं, कोणता दात, कोणता रंग. तेव्हा खुंट पाहायचा, चिठ्ठी पाहायची आणि जोडी लावायची. सहा जोड्या अशा चटकन लागल्या. तिने प्रत्येक जबड्याच्या तळाशी पुन्हा नंबर घातला, ह्या वेळी पेन्सिलीने नाही, शाईने. पुढच्या चार जरा अवघड होत्या, कारण तिघांचा वरचा उजवा सुळा होता आणि एकाची चिठ्ठीच अर्धवट लिहिलेली होती. तिने ते चारही जबडे एकेक करून उजेडात धरले, अंगठ्याने दातांच्या कडा चाचपल्या.

"हा रात्री दात खातो," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे हे पहारेकऱ्याचं. मागे एकदा त्याचं काम आलेलं." तो तिने डावीकडे ठेवला. "ही डाव्या बाजूनेच चावते, उजवीकडचे दात नवे कोरे. आणि हा शिंपी. ह्या दोघांचंही काम मागे येऊन गेलंय."

"हे चिठ्ठीवर आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही. दातावर आहे. ही बघा खाच. दोरा तोडून तोडून पडलेली."

साहेब खुर्ची पुढे ओढून वाकले. खाच खरंच होती. त्यांनी स्वतःच्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवली, तोंड मिटून, पण कळायचं ते कळलंच. सुनेला हसू आलं आणि ते तिने खाली मान घालून लपवलं.

दहा जोड्या लागल्या. दोन जबडे राहिले आणि दोन चिठ्ठ्या राहिल्या. दोन्हींवर एकच दात होता, खालची डावी दाढ. चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, रंग वेगवेगळे, एक पिवळट आणि एक जवळजवळ पांढरा. जबडे मात्र जुळ्या भावंडांसारखे, फरक एवढाच की एकाला मागे अर्धी अक्कलदाढ होती. ती ते फिरवत राहिली. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

सासूबाई उठल्या आणि तिच्या कानाशी आल्या. "ठेव गं कोणतीही कुठेही," त्या कुजबुजल्या. "ह्यांना काय कळतंय त्यातलं? दहा बरोबर लागल्यात. त्यांना वाटेल बाराही लागल्या."

आणि खरंच होतं ते. सुनेलाही तेच वाटून गेलं होतं, सासूबाईंच्याही आधी. नंतर साहेब गेल्यावर डॉक्टरांना विचारता आलं असतं. आत्ता फक्त दोन नंबर घालायचे आणि सफाईने पुढच्या कामाला लागायचं. शाईच्या पेनचं टोक तिने जबड्याच्या तळाशी नेलंसुद्धा.

मग तिने पेन बाजूला ठेवलं.

"ह्या दोघांचं मला नाही सांगता येत, साहेब," ती म्हणाली. "विचारावं लागेल."

तिने फोन लावला. दोन डॉक्टरांपैकी एकांना ती मनात घाईवाले म्हणायची. त्यांनीच उचलला.

"लवकर बोल. पेशंटचं तोंड उघडं आहे."

"डॉक्टर, माझ्या हातून चूक झालीय. दोन मापांवरचे नंबर पुसले गेले. तुमच्या त्या खालच्या डाव्या दाढेच्या पेशंटला मागे अक्कलदाढ अर्धी वर आलेली आहे का, एवढंच बघून सांगा."

"नंबर पुसले गेले म्हणजे? कसे पुसले गेले?"

"धुतले मी. चुकून."

सासूबाईंचं फडकं दुमडायचं थांबलं.

पलीकडून डॉक्टर बरंच काही बोलले. सून "हो," "हो," "पुन्हा नाही होणार," म्हणत राहिली. तिची कानशिलं लाल झाली होती. साहेब खिडकीतल्या फुलदाणीकडे पाहत होते, ऐकू येत नसल्यासारखं. मग कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी एक शब्द सांगून फोन ठेवला.

"आहे," सून म्हणाली. तिने अर्धी अक्कलदाढ असलेला जबडा उचलला, तळाशी नंबर घातला, पिवळट रंगाची चिठ्ठी बांधली. राहिलेला आपोआप दुसऱ्याचा झाला. तिने एक मोठा श्वास सोडला, खणातून मशीन काढलं, पलंगाखालचं पोतं ओढलं आणि कामाला सुरुवात केली.

त्यानंतरचा अर्धा तास सांगण्यासारखं काही घडलं नाही. मशीन घरघरत होतं. प्लास्टर कापलं जात होतं. भुकटी आधी टेबलावर बसली, मग फरशीवर, मग चारही खुर्च्यांवर आणि शेवटी साहेबांच्या भुवयांवर. सासूबाई दोनदा फडकं घेऊन उठल्या आणि दोनदा आपणहून बसल्या. साहेबांनी कागदावर 'होय'भोवती गोल केला, खाली रिकाम्या जागेत चारपाच ओळी लिहिल्या, एक शब्द खोडला आणि पुन्हा लिहिला. सुनेला त्यातलं काही वाचता आलं नाही, पण गोल तिने पाहिला. तिने मेणाची सुरी खाली ठेवली, बोटं पुसली आणि ती परत उचलली.

"आता जामीनदार," साहेब म्हणाले. "आजी, इकडे या. समजून सही करताय ना? हप्ते थकले तर आम्ही तुमच्या दारात येणार."

"या की. घर झाडूनच असेल."

साहेब हसले. सूनही हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन हातात घेतलं आणि कागदाकडे पाहत राहिल्या. आता काही मोडता घालतात की काय, असं सुनेला वाटलं.

"साहेब, एक विचारू?" सासूबाई म्हणाल्या. "मी आज सगळं झाडलं, पुसलं, त्याने हिचं काम बिघडणार होतं ना?"

"बिघडलं नाही."

"ते ठीक. पण तुमच्यातले सगळेच काही तुमच्यासारखे नसतात. आमच्या ह्यांना पंपांच्या जळक्या मोटारी तारेने गुंडाळायचं मशीन घ्यायचं होतं. स्वतःचं दुकान टाकायचं होतं. चौतीस वर्षं झाली. तेव्हा असेच एक साहेब आले होते बघायला. मी तापाने पडलेली. दोन दिवस घराचा केर निघाला नव्हता. ते साहेब बसले ते नेमके ह्यांच्या तेलाच्या चिंध्यांवर. पांढरी पँट होती. उठले तर मागे हा एवढा डाग. बोलले काही नाहीत. पंधरा दिवसांनी पत्र आलं, नाही म्हणून."

मशीन सुनेने केव्हा बंद केलं ते तिलाही कळलं नाही.

"पत्रात कारण काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"कारण काय लिहितात? दिसतच होतं की." सासूबाईंनी पेन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात मोटारी गुंडाळल्या. घर बांधलं, मुलाला वाढवलं, गेले. पण तुझ्यामुळे झालं असं कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं हो. मी भांडले तरी असते."

एकोणीस वर्षं ह्या घरात राहून सुनेने हे कधी ऐकलं नव्हतं. सकाळी मनात जे वाकडं आलं होतं ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी कागदावरची भुकटी फुंकली. मग विचारलं, "तेव्हा घर स्वतःचं होतं का, आजी?"

"छे हो. भाड्याची खोली."

"मग त्यामुळे."

"कशामुळे?"

"त्या काळी स्वतःचं घर नसलं की मशीनला कर्ज देतच नसत. नियमच होता तसा. साहेब घरी यायच्या आधीच ठरलेलं असायचं. यायचं ते नुसता कागद पुरा करायला."

"आधीच ठरलेलं?"

"आधीच."

"म्हणजे मी झाडलं असतं तरी…"

"तरी नाही. आरशासारखी खोली असती तरी नाही."

सुनेने साहेबांकडे पाहिलं. कोणती बँक, कोणती शाखा, कोणतं साल, यातलं त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. साहेब तिच्याकडे पाहत नव्हते. ते पेनाचं टोपण लावत होते आणि ते टोपण काही केल्या नीट बसत नव्हतं.

सासूबाईंनी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आणि चौकटीबाहेर गेलं, पण चालतं म्हणाले साहेब. त्यांनी कागद पिशवीत घातले. आठवड्यात मंजुरीचं पत्र येईल, म्हणाले, दुकानदाराला सांगा भट्टी बाजूला काढून ठेवायला. ते दारात बूट घालत असताना सून त्यांच्या जवळ गेली. काय म्हणायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"साहेब, तो नियम…"

"तुम्ही काम करा, बाई," ते लेसची गाठ मारता मारता म्हणाले. "बारा दात आहेत अजून."

ते गेले. सून आत आली. सासूबाई मघाच्याच जागी उभ्या होत्या.

"ऐकलंस ना गं? नव्हतंच मिळायचं."

"ऐकलं, आई."

"ह्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं." त्यांनी फडकं खुर्चीवर टाकलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "खरं असेल ना गं ते?"

सून टेबलापाशी बसली, मेणाची सुरी हातात घेतली.

"खरंच आहे, आई," ती म्हणाली. "आमच्या मालकांनाही नव्हतं मिळालं पहिल्यांदा. त्यांचंही घर भाड्याचं होतं."

सासूबाईंनी मान हलवली. मग त्या तिथेच, भिंतीपाशी, सगळीकडे बसलेल्या पांढऱ्या भुकटीत बसल्या, पाय लांब केले आणि भिंतीला डोकं टेकलं.

"लाव तुझं मशीन," त्या म्हणाल्या. "माझं काही नाही."

सुनेने मशीन लावलं. तेरा-चौदा मिनिटं झाली असतील. तिने वळून पाहिलं तेव्हा भर दुपारी, एवढ्या घरघरीत, सासूबाईंना गाढ झोप लागली होती.